वाडवडिलांची कट्यार चाकावर धरू नये

१/
नवरात्र जवळ आले की महाराष्ट्रातील कित्येक घरांत माळ्यावरची एक लांबट पेटी खाली उतरते. जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली कट्यार त्या पेटीतून बाहेर येते. पाते तपकिरी-काळे पडलेले, मुठीवरची नक्षी बुजलेली, म्यानाची मखमल झडलेली. खंडेनवमीला तिच्यापुढे झेंडूचे फूल वाहिले जाते आणि दरवर्षी घरातील कोणीतरी तोच प्रश्न काढतो: ही एकदा नीट उजळून का आणू नये?

२/
उत्तर सोपे वाटते, कारण साधने हाताशी आहेत. चौकात धार लावणारा आहे, फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडर आणि बफिंगचे चाक आहे, औद्योगिक वसाहतीत क्रोमचा मुलामा देणारे कारखाने आहेत. शिवाय फोनवर गंजलेल्या सुऱ्यांचे ‘रिस्टोरेशन’ दाखवणाऱ्या चित्रफिती आहेत: आरंभी तांबेरलेला लोखंडाचा तुकडा, शेवटी आरशासारखे पाते आणि मधली काही मिनिटे डोळ्यांना सुख देणारी. हा धागा त्या सुखाच्या विरोधात आहे. वाडवडिलांची कट्यार उजळू नये. तिचा गंज थांबवावा, तिला जपावे, तिची नोंद करावी. चाकावर मात्र धरू नये.

३/
मराठी मनात कट्यार शिरली ती बहुधा रंगमंचावरून. पुरुषोत्तम दारव्हेकर यांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ मध्ये आले, २०१५ मध्ये त्यावर चित्रपट निघाला. रंगमंचावरची कट्यार झगमगते. प्रत्यक्षातील कट्यार हे अत्यंत विचारपूर्वक घडवलेले हत्यार होते. दोन समांतर पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे दांडे अशी तिची मूठ. दांडा मुठीत धरला की पाते थेट मनगटाच्या रेषेत पुढे येते आणि ठोसा मारावा तसा वार होतो. अनेक कट्यारींचे टोक मुद्दाम जाड ठेवलेले असते, कारण ते चिलखताच्या कड्यांतून आरपार जायचे असते. हे न जाणणारा कारागीर ती जाडी ‘सरळ’ करून देतो. घरचे लोक खूश होतात आणि कट्यारीचे मूळ प्रयोजन भुशाच्या रूपाने जमिनीवर सांडते.

४/
आता पात्याच्या धातूकडे वळावे. दक्षिण भारतात मुशीत वितळवून केलेल्या पोलादाची कीर्ती दूरवर होती. कन्नडमधील ‘उक्कु’ या शब्दावरून इंग्रजीत ‘वुट्झ’ हे नाव रूढ झाले, असे सामान्यतः मानले जाते. तेलंगणातील कोनसमुद्रम येथे हे पोलाद विकत घेण्यासाठी इराणचे व्यापारी येत, असे एकोणिसाव्या शतकातील लेखनात नमूद आहे. मुंबईत राहणारे डॉ. हेलेनस स्कॉट यांनी १७९४ मध्ये या पोलादाचे नमुने लंडनला जोसेफ बँक्स यांच्याकडे पाठवले. पुढच्याच वर्षी, १७९५ मध्ये, जॉर्ज पिअर्सन यांनी रॉयल सोसायटीपुढे त्यावर निबंध सादर केला.

५/
लंडनमधील सुऱ्या व शस्त्रक्रियेची उपकरणे घडवणारे जेम्स स्टोडार्ट या पोलादाचे चाहते होते. त्यांच्यासह मायकेल फॅरडे यांनी १८२० च्या आसपास पोलादाच्या मिश्रधातूंवर प्रयोग केले. त्यांमागे वुट्झचे गुपित उलगडण्याची इच्छाही होती. विजेचे नियम शोधण्याआधी फॅरडे भारतीय पोलादाशी झुंजत होते. या पोलादात कार्बनचे प्रमाण बरेच जास्त, सुमारे दीड टक्का असते. कार्बाइडचे सूक्ष्म कण ओळीने बसतात आणि पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी उमटते. फारसी परंपरेत तिला ‘जौहर’ म्हणतात. प्रत्येक कट्यारीचे पाते अशा पोलादाचे नसते. पुष्कळ पाती साध्या पोलादाची असतात. आपल्या घरातील पाते कोणते, हे काळवंडलेल्या पृष्ठभागाकडे नुसते पाहून सांगता येत नाही. ज्याची ओळख पटलेली नाही ते घासून टाकणे हा अविचार आहे.

६/
मराठीत पोलादाच्या कसाला ‘पाणी’ म्हणतात. पात्याला पाणी देतात, पाते पाणीदार असते, आणि निष्काळजीपणाने तापले तर त्याचे पाणी उतरते. वेगाने फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर निळी झाक दिसू लागली की तापमान सुमारे ३०० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचलेले असते. तोवर पाणी उतरलेले असते. कोणी कट्यार ‘सरळ करण्यासाठी’ भट्टीत लाल केली, तर कार्बाइडची रचनाच विरघळू शकते आणि लाटांची नक्षी कायमची नाहीशी होते. क्रोमच्या मुलाम्याआधी पाते आम्लात बुडवले जाते. ते आम्ल मूठ आणि पाते यांच्या सांध्यांत, रिव्हेटांच्या फटींत शिरते आणि चकाकीखाली वर्षानुवर्षे लोखंड खात राहते.

७/
यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा: पूर्वज स्वतः ही शस्त्रे लखलखीत ठेवत होते, मग वंशजांनी का ठेवू नयेत? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. गंजकी शस्त्रे बाळगणारे सैन्य कोणीच ठेवत नसे. शस्त्रे उजळण्याचा स्वतंत्र व्यवसाय होता आणि तो करणारे ते शिकलगार. अरबी-फारसीतील ‘सैकल’ म्हणजे उजळणी. त्यावरून सैकलगर आणि त्यावरून शिकलगार. सांगली-कोल्हापूरपासून नांदेडपर्यंत हे आडनाव व हा समाज आजही आहे. कुरुंदाची पूड लाखेत घोळून ते धारेची चाके करीत. इंग्रजीतील ‘कोरंडम’ हा शब्ददेखील या दक्षिणी कुरुंदावरूनच गेलेला आहे.

८/
परंतु जुनी उजळणी आणि आजचे बफिंग यांत नावापुरतेही साम्य नाही. जाणता शिकलगार पाते हाताने, टप्प्याटप्प्याने घासत असे. पात्याच्या मधली कणा-रेषा आणि धारेचा उतार त्याला ठाऊक असे. जौहर असलेले पाते उजळून झाले की त्यावर हिराकशीसारख्या क्षाराची प्रक्रिया करून झाकलेली नक्षी पुन्हा वर आणली जाई. ज्या परंपरेने चमक आणली, तिनेच चमकेखालचे अक्षरही जपले. आजच्या चाकाला यातले काहीच ठाऊक नसते. कणा गोल होतो, धारेचा उतार बोथट होतो, नक्षी झाकली जाते ती झाकलीच राहते. पूर्वजांचे नाव पुढे करून पूर्वजांच्या विद्येला पारखे असलेले यंत्र वापरणे ही पूर्वजांची फसवणूक आहे.

९/
ही विद्या गेली कुठे, हा प्रश्न विचारला पाहिजे. १८५७ नंतर इंग्रज सत्तेने रयतेकडील शस्त्रे काढून घेण्याचे धोरण कठोर केले. १८७८ मध्ये लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत शस्त्रकायदा झाला आणि परवान्यावाचून शस्त्र बाळगणे गुन्हा ठरले. शस्त्रेच घराबाहेर निघेनात, तर शिकलगाराकडे ती कोण आणणार? त्या समाजातील माणसे कुलपे-किल्ल्या, कात्र्या-सुऱ्या, लोखंडी बादल्या यांवर पोट भरू लागली. कारागिरीचा हा ऱ्हास आपोआप झाला नाही. एका कायद्याने गिऱ्हाईक काढून घेतले आणि विद्या उपाशी मेली. घरातील कट्यार फडक्यात गुंडाळली गेली, पेटीच्या तळाशी गेली, ती बहुधा याच काळाच्या सावलीत. पात्यावरचा गंज हा त्या काळाचाही लेख आहे.

१०/
शस्त्रांच्या नाशाचे एक मोठे प्रकरण मराठी राज्याशी जोडलेले आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात व्यंकोजीराजांनी तंजावरात भोसल्यांची सत्ता स्थापन केली. १८५५ मध्ये तिथला अखेरचा राजा निपुत्रिक वारला आणि कंपनीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील शस्त्रागारात नायक राजांच्या काळापासूनची शस्त्रे साठलेली होती. त्यांत असंख्य कट्यारी होत्या. १८६० च्या दशकात हे शस्त्रागार मोडण्यात आले. निवडक नमुने मद्रासच्या संग्रहालयाकडे गेले, काही युरोपात पोहोचले आणि उरलेला मोठा साठा तोडून मोडीच्या भावाने विकला गेला.

११/
तंजावरच्या ज्या कट्यारी वाचल्या, त्यांनी अभ्यासकांना थक्क केले. कित्येकींची पाती युरोपात घडलेली निघाली. फिरंगी तलवारींची पाती समुद्रमार्गे येत, मोडली की त्यांचे तुकडे कापून कट्यारींना बसवत. हे कळते कशावरून? पात्यावरील खोलगट पन्हळी मुठीजवळ अचानक तुटतात, कारण ते पाते मुळात लांब तलवारीचे होते. पाते मुठीच्या दोन पट्ट्यांमध्ये रिव्हेटने धरलेले असते. एका हातभर शस्त्रात युरोपची भट्टी, हिंदी महासागराचा व्यापार आणि दक्षिणेतील लोहाराचा हात अशा तीन गोष्टी एकत्र दिसतात. पन्हळ घासून सपाट केली आणि रिव्हेट काढून वेल्डिंग केले, की हा सारा पुरावा एका दुपारीत संपतो.

१२/
मुठीवरची नक्षी तर याहून नाजूक. कोफ्तगिरीत पोलादावर बारीक आडव्या-उभ्या रेघा कोरतात आणि त्या खरबरीत पृष्ठभागावर सोन्याची किंवा चांदीची तार ठोकून बसवतात. सोन्याचा थर अतिशय पातळ असतो. बफिंगचे चाक तो पहिल्या काही फेऱ्यांतच नेते. जिथे सोने आधीच झडले आहे, तिथेही त्या बारीक रेघा उरलेल्या असतात आणि इथे कधी सोने होते, अशी साक्ष देतात. पॉलिशपेपरने त्या रेघा पुसल्या की साक्षीदारही गेला. नंतर त्याच जागी कोणी सोनेरी रंग मारून दिला, तर ते पूर्वजांचे वैभव नसते, दुकानाचे असते.

१३/
गंजातही वाचण्यासारखे असते, हे सांगितले की लोक हसतात. पण उत्खननात सापडलेल्या लोखंडावरील गंजाच्या थरात कापडाची वीण जशीच्या तशी उमटलेली आढळते. कापड कुजून गेलेले असते, त्याचा ठसा लोखंड धरून ठेवते. फडक्यात दीर्घकाळ गुंडाळलेल्या कट्यारीवरही असे ठसे असू शकतात. एकाच बाजूला खोल गंज असेल, तर ती बाजू दीर्घकाळ ओल धरणाऱ्या पृष्ठभागाला टेकलेली असावी. एका धारेकडून पाते अरुंद झालेले असेल, तर ती धार पुन्हा पुन्हा निसण्यावर लागली आहे. ज्या घरात कागदपत्र नाही, तिथे ही पाने महत्त्वाची.

१४/
आता अडचणीची गोष्ट. या वाचनातून जे निघेल, ते घराला आवडेलच असे नाही. धारेवरची खाच रणांगणातीलच असेल, याची हमी कोणी देऊ शकत नाही. ती नारळ फोडताना किंवा लाकडी पेटी उचकटतानाही पडलेली असू शकते. कट्यार पाचशे वर्षांपूर्वीची निघण्याऐवजी एकोणिसाव्या शतकातील निघू शकते. ती वतनदार पूर्वजाला बक्षीस मिळालेली नसून जुन्या बाजारात घेतलेलीही असू शकते. उजळण्याच्या हट्टामागे अनेकदा हीच भीती दडलेली असते. काळपट पाते प्रश्न विचारते. चकचकीत पाते दिवाणखान्याच्या भिंतीवर टांगता येते आणि त्याखाली हवी ती कथा लिहिता येते.

१५/
म्हणूनच उजळणीच्या पाठोपाठ पात्यावर नाव कोरून घेण्याची टूम येते. पूर्वजाचे नाव, एखादे बिरुद, एखादा शक, कधी देवीची आकृती. संगणकावर जुळवलेल्या नव्या देवनागरी वळणात लेझरने कोरलेली. घरच्यांचा हेतू श्रद्धेचा असतो, फसवण्याचा नसतो. पण तीन पिढ्यांनंतर तोच लेख पुरावा म्हणून पुढे केला जातो. खोट्या सनदा आणि बनावट वंशावळी यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांना किती दमवले आहे, हे ठाऊक असणाऱ्यांनी तरी स्वतःच्या घरात नवी बनावट जन्माला घालू नये.

१६/
२०२४ च्या जुलैमध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून वाघनखे तीन वर्षांच्या बोलीवर महाराष्ट्रात आली आणि साताऱ्यात प्रदर्शित झाली. सर्वत्र एकच प्रश्न गाजला: ही तीच आहेत का? ही वाघनखे खरोखर तीच होती याची पडताळणी करणे शक्य नाही, अशी त्या संग्रहालयाची स्वतःची भूमिका आहे. वस्तूसोबत साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्या नावाची परंपरा आहे, पण त्यामागची साखळी अखंड नाही. त्या वेळी घराघरांतून पुराव्याची मागणी झाली आणि ती रास्त होती. लंडनकडे पुरावा मागणारे तेच घर स्वतःच्या माळ्यावरचा पुरावा दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात ग्राइंडरखाली धरते. या विसंगतीला दुसरे नाव देणे कठीण आहे.

१७/
दुसरा आक्षेप श्रद्धेचा. पूजेतील वस्तू अभंग व उजळ असावी, खंडित मूर्ती पुजत नाहीत, देवळाचा जीर्णोद्धार करतात, मग शस्त्राचा का नको? पण मूर्ती आणि हत्यार यांचा शास्त्रार्थ एक नाही. खंडेनवमीला तलवारीशेजारी विळी, कोयता, नांगराचा फाळ, लेखणी, हल्ली मोटारसुद्धा पुजली जाते. झिजलेला फाळ कोणी पूजेतून बाजूला काढत नाही. झिजणे हीच त्याची सेवा. काळपट कट्यारीने पूजेत काही उणे पडत नाही. उणे पडते ते पाहुण्यांसमोर मिरवण्यात.

१८/
तिसरा आक्षेप जपानचा. तिथे शतकानुशतके तलवारी उजळल्या जातात, असे सांगितले जाते, आणि ते खरे आहे. मात्र ते काम दीर्घ शिक्षण घेतलेले कारागीर दगडांच्या क्रमवार मालिकेने करतात. त्याहून महत्त्वाची गोष्ट: मुठीत शिरणाऱ्या पात्याच्या शेपटीवरचा गंज तिथे कोणी काढत नाही. त्या गंजाच्या रंगावरून तज्ज्ञ तलवारीचे वय अजमावतात. तो काढला की तलवारीची किंमत आणि प्रतिष्ठा दोन्ही उतरतात. उजळणीला कलेचा दर्जा देणाऱ्या देशानेही साक्षीपुरता गंज राखून ठेवला आहे. जपानचा दाखला द्यायचा, तर तो पूर्ण द्यावा.

१९/
उलट टोकाचे उदाहरण लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे. तिथली जुनी चिलखते पिढ्यान्‌पिढ्या घासूनपुसून चमकवण्यात आली. त्यांतील कित्येकांवर मुळात निळी-काळी झिलई आणि सोन्याचे काम होते. घासण्यात ते गेले. मध्ययुगीन सरदार म्हणजे पांढऱ्याशुभ्र चकचकीत पोलादातला माणूस, या लोकप्रिय चित्राला अशा अतिस्वच्छ केलेल्या चिलखतांनी मोठा हातभार लावला. झाडूवाल्यांची शिस्त इतिहासाचा रंग बदलू शकते, एवढा धडा त्यातून घ्यावा.

२०/
चौथा आक्षेप व्यवहाराचा आणि तो मान्य केला पाहिजे: काहीच केले नाही, तर कट्यार एक दिवस भुगा होईल. बरोबर. म्हणूनच उपेक्षेची वकिली इथे नाही. गंज दोन प्रकारचा दिसतो. घट्ट बसलेला, गडद, बोटाला न लागणारा थर सहसा स्थिर असतो. नारिंगी, भुकटीसारखा, पोपडे सुटणारा गंज जिवंत असतो. तो थांबवलाच पाहिजे. आणखी एक गंमत अशी की पुष्कळदा पात्यावरील तपकिरी थर गंज नसतोच. आजी-पणजीने दर दसऱ्याला चोळलेले करडईचे किंवा जवसाचे तेल सुकून त्याचे रोगण झालेले असते. ते काढायला चाक लागत नाही आणि काढलेच पाहिजे असेही नाही.

२१/
मग करावे काय? कट्यार हाताळताना सुती हातमोजे घालावेत. घामातील मीठ लोखंडाचे वैरी. देवाच्या तांब्या-पितळेला चालणारी चिंच, लिंबू, राख पोलादाला लावू नये. कोरड्या मऊ सुती कापडाने भुकटी टिपावी. शिवणयंत्राच्या तेलासारखे हलके खनिज तेल अगदी पातळ लावून पुसून घ्यावे. खाद्यतेल वापरू नये. पाते म्यानात ठेवू नये, कारण चामडे आणि मखमल ओल धरतात. म्यान मात्र फेकू नये, शेजारी वेगळे ठेवावे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात आणि पावसाळ्यापूर्वी व नंतर एकदा पाहावे. हळद-कुंकू पात्याऐवजी खालच्या वस्त्राला लावावे. जिवंत गंज खोल असेल, तर संग्रहालयाशी संबंधित संवर्धकाचा सल्ला घ्यावा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात असा संवर्धन विभाग आहे.

२२/
सर्वांत महत्त्वाचे काम लेखणीचे. मोजपट्टी शेजारी ठेवून दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत, लांबी, रुंदी, वजन लिहावे, प्रत्येक खाच आणि प्रत्येक रिव्हेट नोंदवावा. मग घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेले लिहावे, पण ‘आजोबा असे सांगत’ अशा शब्दांत, सिद्ध झाल्यासारखे नव्हे. कट्यार कोणाकडून कोणाकडे आली, ती कोण पुसत असे, हेही लिहावे. पेटी उघडणारे, तेल लावणारे, फडके बदलणारे हात बहुतेक घरांत बायकांचे होते; वंशावळीत त्यांची नावे नाहीत, या कागदावर तरी असावीत. शेवटी तारीख घालून कागद पेटीत ठेवावा.

२३/
कायद्याचेही भान हवे. पुरावशेष व कलानिधीविषयक १९७२ च्या कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातील नातलगाला ‘आठवण’ म्हणून ती पाठवू नये. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील २०१६ च्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याच्या धारदार शस्त्रांची स्वतंत्र वर्गवारी आहे. आपल्या भागात परवाना लागतो का, हे जिल्हाधिकारी कार्यालयात विचारून घ्यावे. धार लावून मिरवणुकीत नाचवणे हा वारसा नव्हे, हे सांगायला खरे तर कायद्याची गरज पडू नये.

२४/
एक भेद अखेरीस स्पष्ट करायला हवा. स्वयंपाकघरातील पणजीची विळी चिरत असेल, तर तिला धार लावावीच. पाते संपले तर नवे बसवावे. तिचे आयुष्य कामात आहे आणि काम थांबले की ती मेली. कट्यारीचे काम मात्र संपलेले आहे आणि ते संपले याबद्दल कोणी शोक करू नये. आता तिच्याकडे एकच काम उरले: घडलेले सांगणे. ज्याचे काम कापणे आहे त्याला धार द्यावी, ज्याचे काम सांगणे आहे त्याचे तोंड घासून बंद करू नये.

२५/
ज्या घरांत पाते आधीच चकचकीत करून झाले आहे, त्यांनी खंत करत बसू नये. कधी, कुठे, कशाने उजळले ते लिहून ठेवावे, म्हणजे पुढचा वाचक फसणार नाही. ज्या घरांत निर्णय अजून व्हायचा आहे, त्यांनी यंदाच्या खंडेनवमीला कट्यार आहे तशीच पाटावर ठेवावी. घरातले एखादे लहान मूल विचारेलच, ‘ही इतकी काळी का?’ त्या वेळी पेटीतला कागद काढून त्याला वाचून दाखवावा. आणि कागदावर अजून काही नसेल, तर त्याच्याच हाती पेन्सिल द्यावी.